वाऱ्याच्या वरच्या बाजूची खुर्ची

अनुसया भट्टीच्या दारात येऊन म्हणाली, "म्याडम, काकू उठंनात."

मी आत तेल वेगळं करत होते. तेल पाण्यावर तरंगतं, ते वरच्यावर हलक्या हाताने काढून घ्यावं लागतं. मी तोटी बंद केली. डोळ्यांवरचा जाड चष्मा काढला, हातमोजे खुंटीला लावले, कोट काढला, आणि मोरीवर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. बाहेर बायका रडायला लागल्या होत्या. कुणीतरी ओरडलं, "आवं म्याडम, हात काय धुता, या की बाहीर!" मी हात पुसले आणि मगच गेले. निंबाखालच्या लोखंडी खुर्चीत द्रुपदा बसली होती. पदर डोक्यावर, मान जरा कलती, एक चप्पल पायातून निसटलेली. जेवणानंतर अशी डुलकी काढायची तिची सवयच होती, म्हणून बराच वेळ कुणाला काही वाटलं नव्हतं. मी तिचं मनगट हातात घेतलं. भट्टीच्या आवारात तिला हात लावायची बारा-तेरा वर्षांतली ती माझी पहिलीच वेळ…

रेवा, ईशान, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. पुरवणीत छापून आलं की तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील, कारण मराठी तुमच्या कानाला कळते, डोळ्यांना नाही. त्या दिवशी मी फोन केला तेव्हा तुमच्याकडे सकाळ होती आणि खिडकीबाहेर बर्फ पडत होता. रेवा, तू रडलीस, हुंदके देऊन रडलीस, आणि मग म्हणालीस, "आजी, गुलाबआजीचा वास असलेलं काहीतरी मला पाठव ना. साडी, रुमाल, काहीही." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि मला द्रुपदाचा हेवा वाटला. त्या दिवशीसुद्धा. घरात अजून चूल पेटली नव्हती, तिची चप्पल अजून निंबाखालीच होती, आणि मला हेवा वाटत होता. त्यात नवल नाही. जो पन्नास वर्षं रोज वाटला तो एका दुपारीत कुठे जाणार? मी गेल्यावर माझ्या वासाचं काही कुणी मागेल का, असं मनात आलं. शिवाय एक अडचण होती, ती तुला माहीत नव्हती. तुझ्या गुलाबआजीला कसलाच वास नव्हता. गेली बारा-तेरा वर्षं नव्हता. तिच्या वासाचं काय पाठवायचं, या प्रश्नात माझा सव्वा महिना गेला.

द्रुपदा माझी धाकटी जाऊ. मी या घरात आले ती हैदराबादहून, नन्सच्या शाळेत शिकून, रसायनशास्त्राची पदवी घेऊन. त्या शाळेने मला दोन गोष्टी लावल्या, इंग्रजी आणि टापटीप. आल्या आल्या मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. चार वर्षांनी पाटोद्याकडून द्रुपदा आली. शाळा चौथीपर्यंत. तिने दुसऱ्याच दिवशी सगळे डबे हलवले आणि माझ्या चिठ्ठ्या खोट्या पाडल्या. हळदीच्या डब्यात जिरं, साखरेच्या डब्यात मीठ. मला वाटलं, आता सासूबाई चिडतील. त्या हसल्या. "पोरगी लई गमतीची हाय," म्हणाल्या. माझ्याबद्दल त्या नेहमी "थोरली हुशार हाय" म्हणायच्या. हुशार आणि गमतीची, यातला फरक मला त्या दिवशी कळला.

थोरल्या दिरासमोर धाकटीने यायचं नाही, बोलायचं नाही, अशी तेव्हा आमच्या घरात रीत होती. द्रुपदाने ती कधी मोडली नाही. ती दाराआडून बोलायची. भाकरी थापता थापता गावातल्या कुणाची तरी नक्कल करायची, जशी काही भिंतीलाच ऐकवते आहे, आणि बाहेर बैठकीत तुमचे आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवून पोट धरून हसायचे. मी समोर बसलेली असायची तेव्हा ते वर्तमानपत्र कधी खाली आलं नाही. मी सांगत असायची ते सगळं खरं आणि उपयोगाचं असायचं. ते "हं" म्हणायचे.

पुढे अंबाजोगाईच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागले. पुष्कळ वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन गावी आले आणि लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव तुम्ही पाहिलं आहे, पण ती वर्षं पाहिली नाहीत. विहिरींचे तळ उघडे पडले. टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागायच्या. गावची दूधसंस्था होती, जनावरं विकली गेली तशी ती बंद पडली आणि तिचं पत्र्याचं शेड रिकामं झालं. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलूप लागतं. नवरा-बायकोच्या जोडीला इकडे कोयताच म्हणतात, आणि कोयता ऊस तोडायला कारखान्यांवर निघतो, पोरं आजीकडे टाकून किंवा सोबत घेऊन. बायकांना ते नको असायचं. पण गावात राहून करणार काय? डोंगरावर तेव्हा एकच गोष्ट उभी होती, रोशा गवत. त्याला फारसं पाणी लागत नाही, जून झालं की जनावरंही तोंड लावत नाहीत. पण त्याची फुलोऱ्यावर आलेली काडी बोटांत चुरडली की गुलाबाचा वास येतो. ते वाफेवर उकळलं की तेल निघतं, आणि ते तेल साबणवाले, अत्तरवाले घेतात. हे सगळं मला माहीत होतं. बायकांची सहकारी संस्था काढावी, दूधसंस्थेच्या शेडमध्ये भट्टी लावावी, ही कल्पना माझी. अर्ज मी लिहिले, गवत उकळायची तांब्याची डेग बनवणारा कारागीर मी शोधला.

पहिल्या सभेत मी बराच वेळ बोलले. बायका मान हलवत होत्या आणि लेकरांना थापटत होत्या. मग द्रुपदा उठली. "बायांनो, उसाला जाऊन अंगाला पाचट टोचून घ्यायचं, का हितं बसून गुलाबाचा वास घ्यायचा? बोला!" झालं. ती अध्यक्ष झाली. "आन् अक्का सचिव," ती म्हणाली, "त्यांचं अक्षर लई चांगलं हाय."

पहिल्या वर्षी तिच्या अंगाला, केसांना, पदराला रोशाचा वास बसला. ती डेगीपाशीच असायची, उघड्या हातांनी तेल काढायची, हात पदराला पुसायची. रेवा, तू तेव्हा एवढीशी होतीस. तिच्या मांडीत तोंड खुपसून तू "गुलाब, गुलाब" म्हणालीस आणि ती गुलाबआजी झाली. मी नुसती आजी होते, ती तशीच राहिले.

आता त्या तेलाबद्दल सांगायला हवं. त्याचा मोठा भाग एका द्रव्याचा असतो, जिरॅनिऑल. गुलाबातही तेच असतं. दिसायला पाण्यासारखं, वासाला इतकं गोड की त्याच्यापासून काही होईल यावर कुणाचा विश्वास बसत नाही. झाडापासून निघालेलं म्हणजे निरुपद्रवी, असं शिकलेली माणसंही म्हणतात. मी वर्गात सांगायची, झाडाला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, ते त्याच्यासाठी रसायनं बनवतं. पण गावात मी वर्गात नव्हते.

संक्रांतीला संस्थेचं हळदीकुंकू करायचं ठरलं. आमच्या भागात आलेल्या सवाशिणीच्या मनगटाला अत्तर लावतात. निजामाच्या वेळेपासूनचा शौक आहे तो, गरिबाच्या घरीही अत्तराची एक कुपी असते. द्रुपदाने अत्तरदाणीत भट्टीचं निव्वळ तेल भरलं. मी म्हटलं, "अगं, नुसतं लावू नकोस, भाजेल. थोडं तिळाच्या तेलात मिसळ."

ती हसली. "अक्का, पावणीला पाणी घातलेलं अत्तर लावू व्हय? कंजूष म्हणत्याल मला."

गावच्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. तिने प्रत्येकीच्या मनगटावर आपल्या हाताने बोट फिरवलं, आपल्या गळ्यालाही लावलं. दोन दिवसांत मनगटं लाल झाली, पुरळ उठलं, काहींना पाण्याचे फोड आले. ज्या भट्टीवर कामाला होत्या त्यांना जास्त. गावात बोलणं सुरू झालं की भट्टीत काही वाईट आहे, डोंगरावरचं काही उठवलं आहे. दोन-तीन घरांनी कोयत्याची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घ्यायची ठरवली. एवढी मेहनत करून उभं केलेलं ते शेड महिनाभरात ओस पडेल, अशी वेळ आली.

नेमकं त्याच वेळी तेल घेणाऱ्या व्यापाऱ्याने कागद पाठवले. त्याला माल परदेशी द्यायचा होता, म्हणून डब्यांवर धोक्याची लेबलं हवी होती. ते सगळं इंग्रजीत होतं, म्हणजे माझ्या वाट्याला आलं. रसायनांची वर्गवारी कशी करतात ते तुम्हाला सांगते, शाळेत उपयोगी पडेल. द्रव्याचं नाव किंवा वास पाहत नाहीत, ते काय करतं ते पाहतात. पेटतं का, धातू खातं का, कातडी भाजतं का, डोळ्याला इजा करतं का, पोटात गेलं तर काय. प्रत्येक प्रश्नाचा वेगळा वर्ग आणि वर्गात पुन्हा पायऱ्या. आमच्या गुलाबाच्या वासाला तीन उत्तरं आली होती. कातडीला त्रास देतं. डोळ्यात गेलं तर डोळा कायमचा बिघडू शकतो. आणि तिसरं, काही माणसांचं शरीर त्याला एकदा ओळखून बसलं की पुढे थेंबभरही चालवून घेत नाही. त्यावर नुसतं जपून वापरा असं लिहून भागत नव्हतं. धोका हा शब्द छापायचा होता, तोही ठळक.

मी लेबलं घेऊन शेडमध्ये गेले, बायकांना बसवलं आणि एकेक चित्र समजावून सांगायला लागले. एका चित्रात लाल चौकटीत एक हात आहे आणि नळीतून त्याच्यावर थेंब पडतो आहे, हात खाल्ला जातो आहे. द्रुपदाने लेबल उचललं, लांब धरून बघितलं, आणि म्हणाली, "अक्का, ह्ये तर आपलंच हळदीकुंकू की वो!"

अशा हसल्या बायका! फोड आलेली मनगटं पोटाशी धरून हसल्या. त्या हसण्यात गावातलं सगळं बोलणं वाहून गेलं. डोंगरावरचं काही नव्हतं, देवाचं काही नव्हतं, काकूने अत्तर जास्त लावलं होतं, एवढंच होतं. उचल घ्यायला निघालेली घरं थांबली. मी नंतर एक मोठी पाटी लिहिली. हातमोज्याशिवाय तेलाला हात लावू नये, चष्मा लावावा, झाकण उघडं ठेवू नये, तेल विस्तवाजवळ नेऊ नये, खाण्याच्या तेलाच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरू नये. अक्षर खरोखर चांगलं आलं होतं. पण कुणी हातमोजा विसरली की दुसरी तिला पाटी दाखवायची नाही. म्हणायची, "ए, हळदीकुंकू करू नगंस!" आजही तेच म्हणतात. पाटी अजून आहे, तिच्या खिळ्याला बायका पिशव्या अडकवतात.

पाण्याचं तर विचारूच नका. डोळ्यात तेल गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पाव तास डोळा धुवायचा, असं कागदात होतं. जिथे कागद लिहिला तिथे नळ असणार. मी मोरीजवळ तोटी लावलेलं एक पिंप ठेवलं, चांगल्या पाण्याने भरलं, आणि सांगितलं, हे फक्त डोळ्यांसाठी. गावात टँकर तीन-चार दिवसांनी येत होता. अनुसया, जिने मला त्या दुपारी दारात येऊन हाक मारली तीच, तेव्हा तरुण होती आणि तोंडाने तिखट. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या पोरीला प्यायला तांब्याभर न्हाई, आन् हितं डोळं धुवायला पिंपभर? कावून? डोळं काय रोज फुटत्यात?" तिचं चूक नव्हतं. माझंही नव्हतं. मी तिला नेत्रपटलाबद्दल सांगत होते आणि तिच्यामागे आणखी चार जणी घागरी घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

द्रुपदा आत गेली, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली, पिंपाला पाच बोटं ओढली, तोटीला एक फूल खोचलं आणि हात जोडले. "ह्ये पाणी डोळ्याच्या देवीचं. ज्या बाईला प्यायचंय तिनं आधी एक डोळा काढून हितं ठिवावा."

"कोणची वो देवी काकू?" अनुसयाने विचारलं.

"आपलीच हाय. आजच आली."

पुन्हा हसणं. पण त्या दिवसानंतर पिंपाला कुणी घागर लावली नाही, त्या सबंध उन्हाळ्यात. दर टँकरला कुणीतरी न सांगता ते पाणी बदलायचं आणि जुनं पाणी घरी न्यायचं. मी घरी येऊन तुमच्या आजोबांना म्हटलं, "शास्त्राला कुंकू लावावं लागलं." ते म्हणाले, "पण पाणी राहिलं ना?" आणि वर्तमानपत्र वर.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी डेगीची नळी निसटली आणि तेलाचा शिंतोडा अनुसयाच्या उजव्या डोळ्यात गेला. चष्मा कपाळावर होता. ती किंचाळली. मी तिचं डोकं तोटीखाली धरलं, पापणी बोटांनी उघडी धरली आणि घड्याळाकडे बघत पाव तास धुतलं. ती मला शिव्या देत होती, ओरबाडत होती. मी सोडलं नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि म्हणाले, ज्याने हा लगेच धुतला त्याने तो वाचवला. मी गाडीत अनुसयाला ते समजावून सांगितलं. ती गावात उतरली, एका डोळ्याला पट्टी, तडक द्रुपदाकडे गेली आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. "काकू, तुमच्या देवीनं डोळा वाचवला माझा." पिंप माझं, हात माझे, ओरबाडे माझ्या मनगटावर… द्रुपदाने तिला उठवलं आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तिला सगळं कळत होतं, म्हणून तर जास्त लागायचं.

त्यानंतर तिचे हात बिघडले. संक्रांतीचं पुरळ इतरांचं गेलं, तिचं गेलं नाही. ते बोटांच्या बेचक्यांत राहिलं, मग कोपरापर्यंत आलं, मग पापण्या सुजायला लागल्या. ती हळद लावायची, खोबरेल लावायची, पुन्हा डेगीपाशी जायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मी ज्याची शंका घेतली होती तेच सांगितलं. तिला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही दोघी शेडच्या पायरीवर बसलो होतो.

"द्रुपदा, तुझ्या अंगाने हे तेल ओळखलंय."

"मंग चांगलंच हाय की. वळख झाली."

"ही ओळख म्हणजे वैर. आता थेंबभर लागलं, नुसती वाफ लागली, तरी अंग पेटणार."

"किती दिस चालायचं ह्ये?"

"ते जात नाही. कायमचं आहे."

ती पायरीवरची माती बोटाने उकरत राहिली. "म्हंजी म्या माझ्याच भट्टीत यायचं न्हाई?"

"आत नाही."

"आन् तुमी?"

"मी येणार. मला काही होत नाही."

तिने माझे दोन्ही हात उचलून उलटेसुलटे करून पाहिले. माझे हात स्वच्छ होते, एक डाग नाही. का नाही, याला शास्त्राकडेही नेमकं उत्तर नाही. एकीचं शरीर ओळखतं, दुसरीचं नाही. ती म्हणाली, "अक्का, तुमी लई नशिबाच्या हायत." पन्नास वर्षांत तिने माझा हेवा केला तो तेवढाच. मला तो फार गोड लागला, आणि अजून आठवला की लागतो.

ती ऐकणारी नव्हती. पुढच्या हंगामात पहिली डेग उकळली त्या दिवशी मी कोठीत होते. बाहेर आले तर माझा कोट, माझा चष्मा घालून द्रुपदा डेगीसमोर उभी, तोंड वाफेकडे करून. माझा कोट म्हणजे वर्षभराच्या तेलाने भिजलेला! मी ओरडले. तिने चष्मा काढला, तोवर गळा लाल झाला होता. "एकदाच वास घ्यायचा हुता वो," ती म्हणाली, आणि मग तिला श्वास घेता येईना. त्या वेळी थोडक्यात वाचली. गाडीत तिचं डोकं अनुसयाच्या मांडीवर होतं. मला तिच्याजवळ बसता येत नव्हतं, माझ्या अंगाला तेल होतं. मी मागच्या जीपमध्ये होते.

तेव्हापासून ती खुर्ची आली. दूधसंस्थेची, लोखंडी. भट्टीच्या धुराड्याचा धूर बघायचा, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला खुर्ची न्यायची. पावसाळ्यात पश्चिमेला, शाळेच्या भिंतीशी. दिवाळीनंतर पूर्वेला, निंबाखाली. सकाळी पहिली येणारी बाई धूर बघून खुर्ची लावायची. मला वाटलं होतं, आता भट्टी माझी झाली. आत डेग किती तापवायची, तेल कधी काढायचं, कुणी काय घालायचं, सगळं मी ठरवायची, आणि माझ्या हाताखाली कुणाला पुन्हा इजा झाली नाही. हे मी अभिमानाने लिहिते. पण बायका हातमोजे काढून, हात धुऊन, खुर्चीपाशी जायच्या. सासूचं, नवऱ्याचं, लेकीच्या सोयरिकीचं सगळं तिकडे. हसण्याचा आवाज पत्र्यातून आत यायचा. मी तेल काढत असायची आणि नेमकं कशावर हसल्या ते ऐकू यायचं नाही. तुमचे आजोबा गेले तेव्हासुद्धा बायका आधी तिच्या गळ्यात पडल्या.

घरीही आमच्यात अंतर राहिलं. माझे कपडे वेगळे धुवायचे, वेगळ्या कपाटात ठेवायचे. तिच्याकडे जेवायला जायचं तर आधी डोक्यावरून न्हायचं आणि धुवट साडी नेसायची. लग्नकार्यात आम्ही एका सतरंजीवर शेजारी बसलो नाही. ती सगळं रिठ्याने धुवायची, साबणाचा वाससुद्धा तिला नको असायचा, भीती बसली होती. तिच्या अंगाला नुसत्या उन्हाचा वास यायचा. आणि रोशाचा तो गुलाब माझ्या केसांत, माझ्या साड्यांत, माझ्या उशीत मुरत गेला. तुम्ही मे महिन्यात यायचात. ईशान, तू एकदा माझ्या गळ्यात पडलास, नाक माझ्या खांद्याला लावलंस आणि म्हणालास, "आजी, तुला गुलाबआजीचा वास येतो!" अंगणाच्या त्या टोकाला द्रुपदा शेंगा निवडत बसली होती. ती एवढ्या मोठ्याने हसली की सूप सांडलं. "ऐका अक्का! तुमच्या अंगाला माझा वास!"

मी तेव्हा हसले नाही. घरात जाऊन कपाट आवरलं.

तर आता तो प्रश्न. तिची ट्रंक उघडली तेव्हा आत चार साड्या, एक शाल, नातवंडांचे फोटो. एकेक नाकाशी धरून पाहिलं. काही नाही. रिठा आणि ऊन. तुला पाठवायला तिच्या वासाचं त्या घरात काहीही नव्हतं. तेलाची बाटली विमानाने पाठवता येत नाही, त्याचे नियम मला पाठ आहेत, आणि यायची असती तरी मी पाठवली नसती. माझी एखादी साडी तिची म्हणून पाठवणं सोपं होतं. दोन दिवस मी तो विचारही केला. पण ते खोटं झालं असतं, आणि शिवाय माझी साडी मी तिच्या नावावर का घालू?

मग मी तिची हिरवी इरकल घेतली, जी ती हळदीकुंकवाला नेसली होती, आणि माझ्या कपाटात माझ्या साड्यांच्या मधोमध ठेवली. बारा-तेरा वर्षं मी ज्या एका गोष्टीला जपत आले, माझं कापड तिच्या कापडाला लागू द्यायचं नाही, ते मी करत होते. कपाट लावलं. आता तिला काही होणार नाही…

सकाळी मी अजून धुराडं बघते. पाय आपोआप निंबाकडे जातात आणि खुर्ची वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरकवली जाते. कुणी बसत नाही. परवा अनुसया म्हणाली, "म्याडम, तुमी बसा की हितं." मी म्हटलं, माझं काम आत आहे.

काल कपाट उघडलं. इरकलीला वास चांगला बसला आहे, पदराला जास्त. उद्या पार्सल टाकते. रेवा, साडी थेट गालाला लावू नकोस, आधी मनगटावर थोडा वेळ ठेवून बघ. लाल झालं किंवा खाज आली तर लगेच साबणाने धू, आणि साडी पिशवीत घालून पिशवी बांधून ठेव. हे ईशानलाही सांग. काही झालं नाही तर मग खुशाल नाकाशी धर. साडी तिची आहे, वास माझा आहे. तुम्ही डोळे मिटाल आणि म्हणाल, गुलाबआजी.

म्हणा.